साठ किलोची मोटर

मोटर साठ किलोची आहे असं सांगितल्यावर समोरच्या ललिताने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं. खोकं साबणाच्या वडीएवढं. "भाऊ, तुमचापण डोका फिरला काय?" ती म्हणाली. मी तिला समजावलं, साठ किलो हे वजन नव्हे, ही ताकद. मोटरच्या दांड्यापासून एक सेंटिमीटरवर साठ किलोचा धोंडा टांगला तरी ती त्याला धरून ठेवते. ललिता अंगणवाडीत मदतनीस आहे, कोणाचं काहीही ऐकून घ्यायची तिला सवय. "म्हंजे वहिनीला धरून ठेवल म्हना की," एवढं बोलून ती घरात गेली.

तिने टोमणा मारला नव्हता. खरं तेच बोलली होती, म्हणूनच मला राग आला.

मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस. नाव गोमाजी उतेकर, पण महाडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं सगळे उतेकरच म्हणत आले. कंपनीतले वॉल्व्ह, गेज आणि पॅनेल सांभाळता सांभाळता रिटायर झालो आणि महिनाभरात पुन्हा तिथेच कंत्राटावर लागलो, कारण नव्या लोकांना जुने वॉल्व्ह कळत नाहीत आणि घरात औषधं तर लागतातच. मूळचे आम्ही उमरठच्या वरच्या वाडीतले. बिरवाडीतल्या ह्या दोन भाड्याच्या खोल्यांत तात्पुरते म्हणून आलो, त्याला आता तीन तपं होत आली.

रखमा माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिने चहात मीठ घातलं तेव्हा मी चेष्टा केली. मग पोलादपूरच्या बाजारात गेली आणि स्टँड कुठल्या बाजूला ते विसरली, तेव्हा माझी चेष्टा बंद झाली. महाडच्या डॉक्टरांनी एक जडसा शब्द सांगितला, आमच्या मुलाने, दीपेशने, मुंबईहून फोनवर त्याचं इंग्रजी सांगितलं. मी आपला विसर म्हणतो. सकाळी तिला मी आठवतो. दिवस चढतो तसा पुसट होत जातो, आणि दुपारपर्यंत तिच्या डोक्यात जो नवरा उरतो तो तिशीतला, काळ्या केसांचा, कंपनीत नवा लागलेला. त्या नवऱ्याला डबा लागतो.

तो डबा घेऊन ती निघते. बिरवाडीहून कंपनीच्या गेटापर्यंत दोन किलोमीटर आणि रस्त्यावर टँकरमागे टँकर. पहिल्यांदा आली तेव्हा वॉचमन सदूने पॅनेल रूमला फोन केला, "उतेकर, वहिनी आल्यात." मी हेल्मेटसकट धावत बाहेर आलो. रखमा गेटाशी उभी, पदर खोचलेला, दोन पुडांचा डबा फडक्यात बांधलेला.

"अवो," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, जन्मभर तिने मला ह्याच हाकेने बोलावलंय. पण ती पुढे बोलली, "आमचे हे आत हायत, पॅनेलवर. त्यांना येवढा डबा द्याल काय?"

आपल्याकडचा हा शब्दच खोटा. नवऱ्याला तीच हाक आणि एसटीच्या कंडक्टरलाही तीच. बाईमाणसाने अवो म्हटलं की आपण घरातले की रस्त्यावरचे, हे पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही.

"देतो," मी म्हणालो. डबा घेऊन आत गेलो, कँटीनच्या मागे बाकावर बसून उघडला. वरच्या पुडात कच्चे तांदूळ, खालच्यात सालासकट एक कांदा, स्वच्छ धुतलेला. तांदूळ कागदात बांधून खिशात घातले, डबा विसळला आणि परत गेटावर आलो.

"जेवले?" तिने विचारलं.

"जेवले."

"काय बोलले?"

"चांगलं झालंय म्हणाले."

तिचा चेहरा असा काही फुलला की मला त्या आतल्या माणसाचा हेवा वाटला. एवढी खूश ती माझ्यावर कधी झाली होती ते मला आठवेना. सदूने तिला आपल्या मोटरसायकलवर बसवून घरी सोडलं.

दुसऱ्यांदा आली तेव्हा एका टँकरने तिच्यासाठी करकचून ब्रेक मारला आणि तो रस्त्यात आडवा झाला. कोणाला लागलं नाही. पण एमआयडीसीत बातमी वाफेसारखी पसरते, ती मुंबईत दीपेशपर्यंत पोचली आणि त्याचा फोन आला. "पप्पा, लास्ट टाइम सांगतो. अजून एकदा मम्मी रोडवर भेटली तर मी येऊन तिला घेऊन जाणार. पनवेलच्या साइडला सेंटर हाय, चोवीस तास नर्स, कॅमेरे, सगळा हाय. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्यानेच ते दिलेलं असतं. पोरगा वाईट नाही, आईला जपतो म्हणूनच बोलतो. पण त्या सेंटरात एक वाजता रखमा डबा कोणाला देणार, हे काही मला सुचेना. आणि इकडे ह्या दोन खोल्यांत मी एकटा काय करणार, हेही सुचत नव्हतं. ते मी कोणाला बोललो नाही.

तेव्हा दाराचं काहीतरी करणं आलं. कुलूप का नाही, असं ललितानेही विचारलं. अगं, कुलूप लावून मी आठ तास गेलो आणि आत गॅस पेटला तर? पुराचं पाणी ह्याच गल्लीत चढताना मी पाहिलंय, ते काय किल्लीची वाट बघतं? आमच्या धंद्यात प्रत्येक वॉल्व्हला बसवण्याआधी एक प्रश्न विचारतात, बाबा रे, वीज गेली तर तू कुठे जाशील? वाफेचा वॉल्व्ह आपोआप बंद पडला पाहिजे, थंड पाण्याचा आपोआप उघडा पडला पाहिजे. काही बिघडलं तर माणूस वाचेल अशा बाजूला पडायचं. माझं दार बिघडलं तर उघडं पडलं पाहिजे, हे मी आधी ठरवलं आणि मग पेन्सिल उचलली.

बेत सोपा होता. दाराला बाहेरून एक बोल्ट. त्याला मोटरसायकलच्या स्टँडची स्प्रिंग, ती बोल्टला कायम उघडायच्या बाजूला ओढणार. मोटर स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून बोल्ट बंद धरणार. वीज गेली की मोटर ढिली, दार मोकळं. शिवाय बाहेर एक लाल बटण, ते दाबलं तरी उघडणार, म्हणजे दोन वाजता ललिता अंगणवाडीतून आली की रखमाला वाढू शकेल. सकाळी सव्वाआठ ते संध्याकाळी पावणेसहा, वेळ काडेपेटीएवढ्या एका बोर्डात भरून ठेवायची. आधी एक लहान मोटर लावून पाहिली. आमचं दार पावसाळ्यात फुगतं, बोल्ट अडकला आणि तिच्या प्लॅस्टिकच्या दात्यांचं पीठ झालं. म्हणून ही साठ किलोची, पोलादी दात्यांची मागवली.

हिला वायरी तीनच. लाल आणि तपकिरी तिला खायला घालतात, नारिंगी हुकूम देते. हुकूम म्हणजे सेकंदाला पन्नास टिचक्या. टिचकी आखूड की लांब यावरून कुठल्या कोनात वळायचं ते मोटर ठरवते, आणि टिचक्या मिळत राहतात तोवर तिथेच ठाण मांडून बसते. ढकललं तरी हलत नाही. इतकं सांगितलेलं ऐकणारं आमच्या घराण्यात आजवर कोणी झालेलं नाही.

पहिल्या दिवशी मी मोटरला बोर्डातूनच वीज दिली. मोटर जरा वळली की बोर्डाला घेरी यायची, पुन्हा शुद्धीवर यायचं, पुन्हा घेरी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मोटर अडली की सहा-सात अँपिअर मागते, बोर्डाची ऐपत अर्ध्या अँपिअरची. मग मोटरला वेगळा सप्लाय दिला, तर ती अंगात आल्यासारखी थडथडायला लागली. शून्यावर जा म्हटलं की थरथरत भलतीकडेच जायची. दोन संध्याकाळी मी प्रोग्राम तपासला, वायरी बदलल्या, मोटर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चूक माझीच होती, आणि ती एकतीस वर्षांच्या नोकरीने शिकवलेली होती. कंपनीत दोन सप्लायचे निगेटिव्ह एकत्र आले की मोजमापात घोळ होतो, म्हणून ते वेगळे ठेवायचे हे माझ्या हाडीमांसी भिनलंय. इथे उलटं होतं. टिचकी किती उंच आहे ते मोजायला बोर्डाचा आणि मोटरचा तळ एक लागतो. वीतभर काळी वायर दोघांच्या निगेटिव्हला जोडली आणि मोटर शहाण्या मुलासारखी गप्प उभी राहिली.

इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. समोर रखमा बसली होती, दोन्ही संध्याकाळी बसली होती. "झालं गो!" मी म्हणालो.

"झाला? बरा झाला," ती म्हणाली. "मिस्त्री, चाय घेता काय?"

सोमवारी दार चालू केलं. सव्वाआठला मी बाहेर उभा राहिलो, मोटरने कुईं केलं, बोल्ट आत गेला. दार ओढून पाहिलं, जरासुद्धा हललं नाही. मी खुशीत कामावर गेलो. एक वाजता गेटावर कोणी आलं नाही. ठरल्याप्रमाणे झालं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटली, आणि जेवण मात्र गेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी ललिता दारातच उभी होती. "भाऊ, तुमची मोटर लय चांगली हाय," ती म्हणाली. "वहिनी मातर दोन वाजेपत्तर दार बडवत होती. कोंडला मला, कोंडला, असा वरडत होती. मी बटन दाबून आत गेली तर मला वळखेना. कोपऱ्यात जाऊन बसली. भाऊ, गुरांनापन दावा लांब सोडतात."

रखमाच्या दोन्ही हातांची पेरं सुजली होती. रात्रीचं जेवण झाल्यावर मी तेल-हळद गरम करून लावायला बसलो. त्या वेळी तिला मी आठवलो, कसा कोण जाणे. माझा हात धरून हळूच म्हणाली, "अवो, तुम्ही कामावर गेलाव का कोन तरी येतो आन् भायेरनं कडी घालतो. तुम्ही असतेत तर त्याची हिंमत झाली असती काय?"

"बघतो त्याला," मी म्हणालो. बायकोशी इतकं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. लाज वाटली, पण बुधवारी सकाळी सव्वाआठला बोल्ट पुन्हा आत गेला. दुसरं काय करणार होतो? दार मोकळं सोडलं तर टँकर, टँकर चुकवला तर पनवेल.

गुरुवारी अकरा चाळीसला कंपनीतले दिवे मिचकावले. आमचा जनरेटर लगेच सुरू झाला, पण मला कळलं की त्याच क्षणी बिरवाडीत माझी मोटर ढिली पडली, स्प्रिंगने बोल्ट ओढला आणि दार मोकळं झालं. मी एका वॉल्व्हचं पोट उघडून बसलो होतो, तो बंद केल्याशिवाय उठता येत नव्हतं. वीज पाचच मिनिटांत परत आली, असं पॅनेलवरचा माणूस म्हणाला. पाच मिनिटं तिला पुष्कळ होती. साडेबाराला गेटावर आलो. सदू म्हणाला, "नाय, वहिनी आल्या नायत." आली नाही म्हणजे वाटेतच कुठेतरी असणार.

सदूची मोटरसायकल घेऊन मी निघालो. दोन्ही बाजूंची गटारं बघत, प्रत्येक टँकरच्या चाकांखाली बघत. एका ठिकाणी घोळका दिसला आणि मी ब्रेक मारला, पण तिथे नुसतं चाक बदलत होते. असं करत घरापर्यंत पोचलो.

दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर रखमा बसलेली. पदर खोचलेला, डबा मांडीवर.

"अवो," ती मला म्हणाली, "जरा ह्या दाराला बघा ना काय झालाय. लागतच नाय. मला यांचा डबा पोचवायचाय. आता घर असा उघडा टाकून मी कशी जाव?"

मी दार बघितलं. वीज गेल्यावर बोल्ट मागे सरला, तिने दार उघडलं. वीज परत आली तेव्हा बोर्ड जागं झालं आणि त्याने इमानदारीत बंदचा हुकूम दिला. दार उघडं आहे की लागलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं, ते बघायला मी काही बसवलंच नव्हतं. त्यामुळे बोल्ट दाराबाहेर चार बोटं लांब आलेला, आणि दार लोटलं की चौकटीवर आपटून परत येत होतं. शिकाऊ माणसाने अशी चूक केली असती तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं. चौकटीवर आपटल्याच्या खुणा होत्या, दहा-बारा तरी. तिने पुन्हा पुन्हा लोटून पाहिलं असणार. मग बसली असणार राखण करत.

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. ती घाबरली. "तुमच्या घरी काय झाला काय?" असं विचारून तिने मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

बाई नवऱ्याला विसरली, पोराचं नाव विसरली, चहात काय घालतात ते विसरली. पण घर उघडं टाकून जायचं नाही, हे विसरली नाही. वाडीत लहानपणी तिच्या आईने सांगितलं असेल, तिच्या आईला तिच्या आईने. बंद दार तिला अडवू शकत नव्हतं, ती त्याला बडवत होती. उघड्या दाराने तिला धरून ठेवलं होतं, आणि तिच्या पेरांना नवं काही लागलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बोल्ट काढून टाकला. मोटर चौकटीच्या पायथ्याशी बसवली, तिच्या दांड्याला पोलादी पट्टीचा वीतभर हात लावला. सकाळी सव्वाआठला तो हात आडवा होतो आणि दाराला लागू देत नाही. साठ किलोची ताकद आता दार उघडं ठेवायला. प्रोग्राममध्ये दोन आकडे अदलाबदल केले, दुसरं काही नाही. वेळ मात्र वाढवली, संध्याकाळी साडेसहापर्यंत, म्हणजे मला यायला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी हरकत नको. आणि एक बॅटरी जोडली. आता वीज गेली आणि मोटर ढिली पडली तर दार लागणार, दार लागलं की रखमा मोकळी. वाचवायची बाजूच उलटी झाली होती.

शुक्रवारी ती दोन-तीनदा दाराशी झटली, मग बसली. ललिताने सांगितलं की शांत होती, तांदूळ निवडत होती, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होती. शेजारची कोंबडी आत शिरली तर तिला हाकललं. बडवणं नाही, ओरडणं नाही. दिवसभर घर उघडं, चिंता नाही वाटत का, असं कोणी मला विचारलं तर मी म्हणायचो, चोराला न्यायला आमच्याकडे आहे काय, आणि राखणदार बसलीय की.

मी दीपेशला फोन केला. "पप्पा, ये क्या जुगाड हाय?" तो हसला. मग म्हणाला, "चालेल. जोपर्यंत चालतंय तोपर्यंत चालू द्या." पनवेलचं त्याने पुन्हा काढलं नाही.

एक महिना गेला, दुसराही गेला. रखमा रस्त्यावर आली नाही. मी जिंकलो होतो म्हणायचं. पण एक वाजला की माझे डोळे गेटाकडे जायचे. सदू नुसतीच मान हलवायचा. कँटीनच्या मागच्या बाकावर बसून मी घरून आणलेली, मीच थापलेली जाडी भाकरी खायचो, आणि कच्च्या तांदळांची आठवण यायची. ते तांदूळ निदान माझ्यासाठी आणलेले होते, माझ्या हाती दिले नसले तरी. हे असलं कोणाला सांगणार? बायको सुरक्षित आहे म्हणून मला वाईट वाटतं, असं म्हटलं तर लोक मलाच पनवेलला पाठवतील.

संध्याकाळी मात्र बरं चाललं होतं. साडेपाचला मी यायचो, दार उघडंच असायचं. उघड्या दारातून आत जायला माणसाला कोणी तू कोण असं विचारत नाही. सरळ मोरीवर जाऊन हातपाय धुवायचे. रखमा चहा टाकायची, मी साखरेवर लक्ष ठेवायचो. कधी नवऱ्याला म्हणून चहा द्यायची, कधी मिस्त्रीला म्हणून. मी दोन्ही प्यायचो.

परवाच्या शनिवारी कंपनीत शटडाऊनचं काम निघालं. एक जुना वॉल्व्ह हट्टाला पेटला, आणि बिरवाडीत पोचायला मला सव्वासात वाजले. गल्लीच्या तोंडाशीच दिसलं, आमचं दार लागलेलं. साडेसहाला मोटरने आपला हात काढून घेतला होता. रखमाने दार लोटलं होतं, ते लागलं होतं, आणि तिने आतून कडी घातली होती. ललिता लग्नाला महाडला गेलेली, तिच्या घराला कुलूप. माझ्या दाराच्या फटीतून उजेड येत होता आणि आत भांड्यांचा आवाज होता.

मी कडी वाजवली. भांडी थांबली.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

शहाणी आहे, नुसत्या मीवर ती कोणाला दार उघडणार नाही. माझं मलाच हसू आलं. एवढ्या वर्षांत स्वतःच्या दारात मी कधी नाव सांगितलं नव्हतं. दाराला तोंड लावून मी म्हणालो, "गोमाजी."

आत बांगड्या वाजल्या, तिने पदर सारखा केला असावा. दाराच्या अगदी जवळ येऊन ती बोलली, आवाज बदललेला, जरा अदबीचा, जरा अभिमानाचा.

"ते घरात नायत," ती म्हणाली. "कामावर गेलेत. काय काम होता?"

त्या नावाचा माणूस तिला पक्का ठाऊक होता. त्याचं घर ती सांभाळत होती. फक्त तो मी नव्हतो.

"काम काही नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

"मग बसा वट्यावर. येतीलच आता."

मी ओट्यावर बसलो. खूप एकटं वाटलं, इतकं मला तिच्याशिवायच्या घराची कल्पना करतानाही वाटलं नव्हतं. गल्लीतून दिवसपाळीची माणसं मोटरसायकलींवरून घरी येत होती, कोणी हात करत होतं, मीही हात करत होतो. थोड्या वेळाने मागे कडी निघाली. रखमाने दार वीतभर उघडलं, माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघितलं.

"आज लय येळ झाला यांना," ती म्हणाली.

"शटडाऊन आहे. येतील."

"तुम्ही त्यांच्या कंपनीतले काय?"

"हो."

ती दाराआडूनच, खालच्या आवाजात म्हणाली, "मग मी झोपली तर त्यांना येवढा सांगा. म्हनावा, ती घर सोडून कुठं गेली नाय."

"सांगतो," मी म्हणालो.